डाव्या डोळ्याची शिफ्ट

तात्यांनी आपल्या दोन डोळ्यांना शिफ्टा लावून दिल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डावा डोळा कामावर, बाकीचे दिवस उजवा. ज्याची सुट्टी असेल त्याच्यावर काळ्या कापडाची पट्टी, इलॅस्टिक लावलेली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दोघास्नी एकदम राबवलं तर दोघं एकदम म्हातारं हुतील. मंग मी काय करू?" ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळायची. मी असलं काही केलं असतं तर लोकांनी मला सरळ वेड्यात काढलं असतं.

आमची हॅचरी बारामती-इंदापूर रस्त्याला. अंडी मशिनमध्ये उबवायची, पिल्लं काढायची आणि पोल्ट्रीवाल्यांना द्यायची, हा आमचा धंदा. अंडी मशिनमध्ये आठ-दहा दिवस राहिली की एकेक अंडं अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या पेटीवर धरून बघावं लागतं. आत लाल शिरांचं बारीक जाळं दिसलं तर अंडं जितं. काहीच न दिसता नुसतं पिवळं उजळलं तर वांझ. आणि जाळ्याच्या जागी रक्ताचं एक गोल कडं दिसलं, तर आत जीव धरला होता आणि मेला, असं समजायचं. वांझ आणि कडंवाली अंडी बाद ट्रेमध्ये जातात. तो ट्रे दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात रिकामा होतो.

त्या दिव्याच्या पेटीपुढं एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर तात्या बसायचे. मी शेजारी उभी. त्यांनी पास केलेली अंडी निमुळतं टोक खाली करून परत मशिनच्या ट्रेत लावायची, हे माझं काम. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, माझ्या वडिलांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली. निमगाव केतकीहून रोज एसटीनं धक्के खात यायचं आणि तात्यांच्या हाताखाली अंडी लावायची! माझ्या नशिबात ती खुर्ची का नाही, ह्या एका प्रश्नानं माझी कित्येक वर्षं जळाली. होय, जळाली असंच म्हणते. लोक हेवा म्हणतात, असूया म्हणतात. माझ्या पोटात जे व्हायचं त्याला जळणं हाच शब्द बरोबर आहे.

तात्या कऱ्हाटीचे. त्यांच्या आज्याकडे मेंढरांचा कळप होता. पुढं मेंढरं गेली, घरात शेती आली, आणि शेतीत भावांचंच जेमतेम भागत होतं म्हणून तात्या हॅचरीत आले. अंगानं काटकुळे, आवाज मात्र आख्ख्या शेडला पुरेल असा. माझ्याहून डझनभर वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "तात्या, मी तुमच्यापेक्षा लहान आहे." तर म्हणाले, "शिकल्याली हायस न्हवं? मंग अक्काच." ह्यात मान होता की टोमणा, हे मला आजपर्यंत उलगडलेलं नाही.

डोळे म्हणजे त्यांची इस्टेट. सकाळी एसटीतून उतरायचे ते काळा गॉगल लावून, आणि तो गॉगल अंधाऱ्या खोलीच्या दारात आल्यावरच उतरायचा. उन्हातून एकदम अंधारात आलं की डोळा बावचळतो म्हणे. टीव्ही नाही, मोबाईल नाही. अंडं खायचे नाहीत. चिकन चालायचं, अंडं नाही. "ड्यूटीवरचं काम घरी न्हेत न्हाय मी," हे त्याचं कारण. आणि पिल्लं फुटायच्या दिवशी मशिनचं दार उघडलं की दोन्ही हात जोडून म्हणायचे, "आलं का पाव्हणं? या, या. चा घेनार का?" पिल्लांपेक्षा कामावरच्या बायकाच जास्त चिवचिवायच्या त्यावर.

माझ्या मुलीच्या लग्नातलं तर मी कधीच विसरणार नाही. फोटोवाल्यानं मोठा दिवा पाजळला की तात्या झटक्यात भिंतीकडं तोंड करायचे. उजेडानं डोळ्याला त्रास होतो ना! आख्ख्या अल्बममध्ये तात्यांची पाठ. अक्षता टाकताना पाठ, जेवणाच्या पंगतीत पाठ, नवरा-नवरीच्या शेजारी उभे राहून आशीर्वाद देतायत तिथंही पाठ. आता अल्बम बघायला कुणीही आलं की पहिला प्रश्न, "हे पाठमोरे कोण हो?" मी नेसलेल्या पैठणीबद्दल आजवर एका माणसानं विचारलेलं नाही. माझा नवरा मला चिडवायचा, रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की म्हणायचा, "आज काय केलं तुझ्या तात्यांनी?" आणि मी सांगायची! चप्पल काढायच्या आधी सांगायला लागायची.

रोज सुटी व्हायच्या वेळी तात्या हात-पाय धुवायला गेले, की मी त्यांचा बाद ट्रे उपसायची. एकेक अंडं परत पेटीवर धरून बघायची. कुठं तरी चुकलेले असतील. एखादं जितं अंडं त्यांनी बाद केलेलं असेल. मग ते हातात घेऊन मालकांकडं जाईन, मालक माझ्याकडं बघतील, मग खुर्चीकडं बघतील, असं सगळं माझं ठरलेलं. पण नाही. वांझ ते वांझ, कडं ते कडं. माणूस इतका बिनचूक असूच कसा शकतो? मी घरी जाऊन पोळ्या करपवायची.

मग एका सोमवारी मला त्या ट्रेत जितं अंडं सापडलं.

आधी वाटलं माझंच चुकतंय. पण शिरांचं जाळं स्वच्छ दिसत होतं, मधला ठिपका हलत होता. दुसरंही तसंच. मग आणखी सापडली. देवाशप्पथ सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्या अंधारात एकटीच हसले. जिती अंडी गुपचूप मशिनमध्ये परत लावली. मंगळवारी मोठ्या आशेनं ट्रे उपसला, तर एकही चूक नाही. बुधवारी परत जिती अंडी बाद. गुरुवारी सगळं चोख. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चुकतोय तो डावा डोळा, आणि त्याची शिफ्ट असेल त्याच दिवशी चुकतोय.

त्याच सुमारास तात्यांना एक नवीन खोड लागली होती. बोलता बोलता हातानं माशी हाकलायचे. माशी नसायचीच. बायकांना त्याचंही कौतुक, एकजण तर त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. शिवाय अंधाऱ्या खोलीत कडेला वीज चमकते, असं म्हणून त्यांनी वायरमनला बोलावून सगळं वायरिंग तपासून घेतलं होतं. वायरिंगमध्ये काही दोष निघाला नाही. तात्या म्हणाले, "मंग दिवाच फाजील झालाय." झालं, दिवसभर सगळी शेड "दिवा फाजील, दिवा फाजील" करत होती.

शुक्रवारी मी ठरवलं. मालकांकडं जायचं नाही, आधी तात्यांना दाखवायचं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. त्यांनी नुकतंच बाद केलेलं एक अंडं मी उचललं आणि परत पेटीवर ठेवलं.

"तात्या, ह्यात काय दिसतं?"

"कडं."

"नीट बघा."

"अक्का, कडं हाय. आंधळी हायस का?"

"आता पट्टी दुसऱ्या डोळ्यावर घाला आणि बघा."

"आज डाव्याची शिफ्ट हाय."

"तात्या, एकदा बघा तर खरं!"

त्यांनी कुरकुरत पट्टी डाव्या डोळ्यावर सरकवली. अंड्यावर वाकले. अंडं फिरवलं, परत बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "जितं हाय की गं हे."

मग त्यांनी पट्टी काढली, उजवा डोळा तळहातानं झाकला आणि उठून बाहेर आले. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघत उभे राहिले. बुबुळ इकडं-तिकडं फिरवत होते. मी मागं उभी होते, माझा विजयाचा क्षण पुढ्यात होता, आणि तेवढ्यात ते वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अक्का, भितीवर बी कडं हाय," ते म्हणाले. "कडं अंड्यात न्हाय. माझ्यात हाय."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. पण त्यांचं लक्षच नव्हतं. जन्मभर ज्यांनी कडं दिसलं की अंडं बाद केलं, त्यांना स्वतःच्या डोळ्यात कडं दिसल्यावर दुसरं काय सुचणार? म्हणाले, "डोळा मेला माझा. आतला जीव गेला. आता दुसरा बी जाईल." मी पुष्कळ सांगितलं की डोळा म्हणजे अंडं नाही. बी.एस्सी.ला आम्ही डोळा चिरलेला आहे, हेही सांगितलं. त्यावर म्हणाले, "मेल्याला चिरला असशील."

शनिवारी आले तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आंधळेपणाची आत्तापासून सवय करून घेत होते! हातानं भिंत चाचपत चालले होते, दोन बायका दोन्हीकडून धरायला, तिसरी पाणी घेऊन, चौथी पदर डोळ्याला लावून. मालकांनी सांगितलं, "अक्का, तुम्ही आजच यांना बारामतीला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन जा." बघा, मालकसुद्धा मला अक्का म्हणायला लागले होते.

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण मुलगी होती, फार शांत. तिनं तात्यांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि आम्हाला बाकावर बसवलं. तात्या माझा हात धरून बसले होते. मला त्यांची दया आली, हे कबूल करते. पण दया आली तरी एकीकडं मनात चाललेलंच होतं की आता ती खुर्ची मोकळी होणार. दोन्ही गोष्टी माणसाच्या पोटात एकदम राहू शकतात.

डॉक्टरनं कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून, वर बघा, खाली बघा, उजवीकडं बघा करत दोन्ही डोळे आतून तपासले. मग दिवा काढला आणि म्हणाली, "आजोबा, पडदा छान आहे. कुठं फाटलेला नाही, छिद्र नाही. घाबरायचं काही कारण नाही."

"मंग कडं कशाचं?"

तिनं टेबलावरचा प्लॅस्टिकचा डोळा उघडून दाखवला. आपल्या डोळ्याच्या आत मुरंब्याच्या पाकासारखा घट्ट, स्वच्छ पदार्थ भरलेला असतो, ती म्हणाली. तो मागच्या पडद्याला चिकटलेला असतो. वय झालं की तो पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. सुटताना पडद्याला जरा ओढ बसते, तेव्हा कडेला वीज चमकल्यासारखी वाटते. आणि मागं डोळ्याची नस असते, तिच्याभोवती तो गोल चिकटलेला असतो, तो भाग सुटला की तेच कडं डोळ्यात तरंगत राहतं. त्याची सावली पडद्यावर पडते, म्हणून कधी माशी दिसते, कधी गोल. पन्नाशी-साठीनंतर पुष्कळांना होतं.

तात्या प्लॅस्टिकच्या डोळ्याकडं टक लावून बघत होते. एकदम म्हणाले, "म्हंजी शिळं अंडं."

"काय?"

"अंडं शिळं झालं की आतला पांढरा बलक पातळ हुतो बगा. आकसतो. कवचापासनं सुटतो आणि वर पोकळी वाढती. तसंच न्हवं?"

डॉक्टर खळखळून हसली. "आजोबा, साधारण तसंच. फक्त ह्यात बाद काही करायचं नाही." मग बाहेरच्या नर्सला हाक मारून म्हणाली, "अगं ये, ऐक यांचं." झालं! तिथंही जमली सभा. आणि मला काय वाटलं असेल सांगा? शिळ्या अंड्याचं उदाहरण मला त्या बाकावर बसल्या बसल्याच सुचलं होतं. माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं डॉक्टरचं बोलणं पुरं होऊ द्यावं.

औषध काही नाही, ती म्हणाली. हळूहळू सवय होते आणि कड्याकडं लक्ष जाईनासं होतं. चार-सहा आठवड्यांनी एकदा परत दाखवून जा. पण एक लक्षात ठेवा, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, विजा वाढल्या किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर ढकलायचं नाही. तात्यांनी हे सगळं माझ्याकडून मोठ्यानं पुन्हा म्हणवून घेतलं.

निघता निघता मी म्हटलं, "डॉक्टर, माझेही बघा की. मलाही कधी कधी काहीतरी तरंगताना दिसतं." तिनं बघितले. "तुमचे अगदी छान आहेत. फक्त जवळचा चष्मा लागेल." म्हणजे मला काहीच नाही! एवढा डोळ्यात जीव ओतून जन्म काढला आणि मिळाला काय, तर चाळिशीचा चष्मा. परतताना एसटीत तात्या गॉगल मधूनच वर करून मोठ्या झालेल्या बाहुल्या मिरवत, शेजारी बसलेल्या डाळज गावच्या पाहुण्याला डोळ्याच्या आतली रचना समजावून सांगत होते. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

हॅचरीत तर मेडल मिळाल्यासारखं झालं. "तात्या, आता दिसतंय का कडं?" "दिसतंय की. आत्ता तुज्या नाकावर हाय." मालकांनी पेढे वाटले. अशा वेळी पेढे वाटतात का कुणी? तात्यांनी एक युक्तीही काढली. अंडं पेटीवर ठेवायचं आणि डोळा झटकन वर-खाली करायचा. कडं हललं तर ते स्वतःचं, जागेवर राहिलं तर अंड्याचं. आठवडाभर मी त्यांचा बाद ट्रे उपसला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, डाव्याच्या सगळ्या शिफ्टा बघितल्या. एकही जितं अंडं बाद झालेलं नव्हतं. माझी खुर्ची गेली ती गेलीच, असं म्हणून मी मनातल्या मनात हात झटकले.

त्या शनिवारी चहाच्या वेळी मालक शेडमध्ये आले. सगळे चहा पीत होते. तात्या कप हातात घेऊन उठले आणि म्हणाले, "मालक, पेटीवरनं मला उठवा. अक्काला बसवा."

मालक म्हणाले, "तात्या, डॉक्टर म्हणाल्या ना काही नाही म्हणून? आणि आता चूकही होत नाही."

"डोळा बरा हाय मालक. कडं बी माझ्या वळखीचं झालंय. पर कडं आलं त्या दिसापासनं मी जिती अंडी बाद केली असनार, ती मशिनमदी परत कुनी लावली? म्या न्हाय लावली. तुमी न्हाय लावली." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ही लावती. ही रोज माझा ट्रे उपसती. मला समदं ठावं हाय. हात धुवायला मी उगाच येळ काढतो व्हय? ही माझ्यावर जळती. लई जळती. म्हून बगती. तुमी समदी मला चांगला म्हनता आनि माझा ट्रे तसाच खड्ड्यात टाकता. असं जळनारं मानूस हाय म्हून जीव वाचलं. त्या खुर्चीत तीच पायजे."

शेडमध्ये असा हशा उठला की पत्रे वाजले. माझ्या कानशिलापर्यंत आग पोचली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही तात्यांसाठी. ज्या खुर्चीसाठी मी इतकी वर्षं तडफडले, ती मला त्यांना हरवून घ्यायची होती. त्यांनी ती चहाच्या कपाबरोबर हसत हसत देऊन टाकली, आणि देण्यातही माझ्यापेक्षा मोठे ठरले. मी नाही म्हणायला हवं होतं. मी सोमवारी सकाळी जाऊन बसले.

तात्या पुढं निवृत्त होईपर्यंत पिल्लं खोक्यांत भरायच्या कामावर होते, दिवसभर पाव्हण्यांशी गप्पा मारत. आता कऱ्हाटीला असतात. डोळे उत्तम आहेत, शिफ्टा अजून चालू आहेत. हॅचरीत कुणीही नवीन आलं की अजून त्यांच्याच गोष्टी सांगतात, आणि शेजारी मी बसलेली असते.

माझं काम चांगलं आहे. मालक खूश आहेत. शेजारी अंडी लावायला दोघीजणी आहेत, गुणी आहेत, माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. "मॅडमचं चुकायचं नाही," म्हणतात, आणि सुटी झाली की डबे उचलून एसटी गाठायला पळतात. मी रोज माझा बाद ट्रे मुद्दाम दिव्याच्या पेटीला लागून ठेवते आणि हात धुवायला जाते, साबण लावून सावकाश धुते. परत येते तेव्हा दिवा बंद असतो आणि एकही अंडं जागचं हललेलं नसतं.